मुलीने टीव्हीचे शिक्षण घ्यावे का?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. परंतु त्या म्हणाल्या, "तुम्ही ज्यातून गेलात तेवढेच सांगा. मुलगी मास मीडियाला जाते म्हणते, काय करावे, असे विचारणाऱ्या बायका पुष्कळ आहेत." म्हणून ही उभी राहिले.

टीव्हीत काम करणे म्हणजे पडद्यावर दिसणे, अशीच माझी समजूत होती. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. तिथे स्मिता पाटील मराठी बातम्या वाचीत आणि पुढे त्या केवढ्या मोठ्या अभिनेत्री झाल्या, हे मी माझ्या आईच्या तोंडून ऐकलेले. तेव्हा बारावी झालेल्या माझ्या मुलीने "मला टीव्हीचे शिकायचे आहे" म्हटल्यावर मी एक जाहिरात पाहिली. सहा महिन्यांत निवेदिका करून देतो, असे तीत होते. संस्थेचे नाव मी घेत नाही. मी माझ्या दोन बांगड्या मोडल्या आणि फी भरली. मुलीला नीट विचारलेसुद्धा नाही.

सहा महिन्यांत तिच्या हाती कॅमेरा एकदाही आला नाही. एक होता, तो कपाटात. मुली आरशासमोर उभ्या राहून बातम्या वाचीत. शेवटी एक रंगीत प्रमाणपत्र मिळाले. ते घेऊन ती दोन ठिकाणी गेली, तर दोन्हीकडे एकच प्रश्न, "तू काय केलं आहेस ते दाखव." दाखवायला काही नव्हते. वर्ष गेले, बांगड्या गेल्या. घरात मंडळी म्हणाली, "झाले ना समाधान? आता बी.कॉम. कर."

त्या रात्री मुलगी मला म्हणाली, "आई, मला पडद्यावर यायचंच नव्हतं गं. मला जोडायचं काम आवडतं." जोडायचे म्हणजे संकलन. आपल्या मंगळागौरीचे मोबाइलवर घेतलेले तुकडे जोडून तिने मला दाखवले होते, तेव्हा मी हसण्यावारी नेले होते. दोष त्या संस्थेचा होताच. पण निम्मा माझाही होता.

मग चौकशी केली. मुंबई विद्यापीठाचा मास मीडियाचा पदवी अभ्यासक्रम आहे. बारावीनंतर, कोणत्याही शाखेतून घेता येतो. त्यासाठी मुंबई गाठायलाच हवी असे नाही. आपल्या नवीन पनवेलमध्ये पिल्लई महाविद्यालयातही तो आहे. पदवीनंतर पुढे जायचे तर पुण्याला सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट आहे. ती १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेवर सुरू झाली आणि १९७४ मध्ये टीव्हीचे शिक्षणही दिल्लीहून तिथे आले. दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी असे टीव्हीचे निरनिराळे विषय तिथे शिकता येतात. त्याला प्रवेशपरीक्षा असते.

मुलीने पदवीचा अभ्यास घेतला. दुसऱ्या वर्षी चौघीजणींनी मिळून मच्छीबाजारातल्या एका मावशीवर लहानसा माहितीपट केला. पहिल्या दिवशी चित्र छान आले, पण आवाज ऐकला तर रिक्षांचे भोंगे आणि पंख्याची घरघर. मावशींचा एक शब्द कळेना. पुन्हा तीन दिवस पहाटे जाऊन त्यांच्या पदराआड लहान माइक लावला, तेव्हा जमले. पाच तासांचे चित्रण झाले आणि त्यातून नऊ मिनिटे ठेवली. काय ठेवायचे त्यापेक्षा काय टाकायचे यावर चौघींची भांडणे! निवडण-टिपण आपण जन्मभर करतो; हे मला कळले. त्या नऊ मिनिटांवर तिला संकलकाची मदतनीस म्हणून काम मिळाले. गुणपत्रिका मागाहून पाहिली.

मालिकेचा अर्ध्या तासाचा भाग जाहिराती वगळता वीस-बावीस मिनिटांचा. त्यामागे लेखक, कॅमेरावाला, प्रकाशवाला, ध्वनिमुद्रक, संकलक असतात. मागच्या दृश्यात नायिकेच्या हातात बांगड्या किती होत्या हे टिपून ठेवणारी मुलगीसुद्धा असते. चेहरे चार दिसतात, हात पन्नास राबतात. नोकऱ्या त्या हातांना आहेत.

हे शिक्षण पुस्तकांपेक्षा हातांचे आहे, याला मोठा दाखला अहमदाबादचा आहे. तिथल्या सेवा संस्थेने १९८४ साली मार्था स्टुअर्ट या अमेरिकन बाईंना बोलावून आपल्या वीस बायकांना व्हिडिओ शिकवला. त्यांत लिहिता-वाचता न येणाऱ्याही होत्या. तीन आठवड्यांत त्या कॅमेरा चालवू लागल्या आणि पुढे आपल्या कष्टकरी भगिनींचे प्रश्न चित्रित करून दाखवू लागल्या. सातवी शिकलेल्या मला ते ऐकून फार बरे वाटले.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मी फसवल्यासारखे होईल. सुरुवातीचा पगार थोडा. कामाला वेळ-काळ नाही. कधी रात्री दोनला काम संपते, मग पहिली लोकल लागेपर्यंत तिथेच बसायचे, वडाळ्याला गाडी बदलायची आणि उजाडल्यावर पनवेल. पहिले काही महिने मी खिडकीशी बसून असे. शेजारीपाजारी बोलले. मी एकच केले. एकदा तिच्याबरोबर जाऊन ती बसते ती जागा पाहून आले, दोन सहकारी मुलींचे नंबर घेतले. तेव्हापासून झोप लागते. पूर्ण नाही, पण लागते.

तेव्हा भगिनींनो, फी भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. मुलांच्या हाती कॅमेरा आणि संकलनाचे यंत्र किती तास येते? शेवटी त्यांच्या स्वतःच्या कामाचे काय हाती राहते? आणि मागच्या वर्षीची मुले आज कुठे आहेत? उत्तर गोल गोल आले तर पर्स उघडू नका. आणि या तिन्हीच्या आधी चौथे, जे मी केले नाही: मुलीलाच विचारा, तुला नेमके काय करायचे आहे?

जाता जाता एक विनंती. आपल्या मंडळातल्या वडीलधाऱ्या भगिनींच्या आठवणी या वर्षी आपल्या मुलींकडून चित्रित करून घ्याव्यात. एक चांगला माइक मंडळाने घ्यावा. त्यासाठी माझी वर्गणी मी आजच देते. मुलींचा हात बसेल आणि आपला आवाज राहील.