मामाच्या रक्ताचा रिपोर्ट

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी निमंत्रण दिलं तेव्हा मी म्हटलं, मी काही वक्ता नव्हे. डिप्लोमा करून सरकारी आरोग्य खात्यात लागलेला लॅब टेक्निशियन. निपाणी, चिक्कोडी, बेळगाव, जिथं बदली होईल तिथं तापाच्या पेशंटच्या बोटाला सुई टोचायची, रक्ताची काच करायची आणि मायक्रोस्कोपखाली मलेरियाचे जंतू शोधायचे, हे माझं काम. ते म्हणाले, "मग रक्तावरच बोला." म्हणून आज रक्तावर बोलतो, आणि तेही माझ्याच घरच्या.

काही वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगा झाला. घरी आल्यावर आईनं ट्रंकेतली जुनी दुपटी, टोपडी काढली. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या होत्या, जशा तुमच्याही घरी असतील. दोन दिवसांत बाळ हळदीसारखं पिवळं झालं. दवाखान्यात निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कपड्यांत डांबराच्या गोळ्या होत्या का?" मग त्यांनी एक तपासणी सांगितली, जी-सिक्स-पीडी. पहिल्या वेळी ती काठावर आली, तीन महिन्यांनी पुन्हा केली तेव्हा स्पष्ट कमी आली. बाळ बरं झालं, आज शाळेत जातं. पण बहिणीच्या आत्याबाई म्हणाल्या, "आमच्या घराण्यात असलं काही नाही. सुनेकडनंच आलं." बहिणीचंही रक्त तपासलं. ते नॉर्मल आलं! आता सगळेच बुचकळ्यात. आईचं नॉर्मल, बापाचं नॉर्मल, मग पोराला आलं कुठून?

हे कोडं सोडवण्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

जी-सिक्स-पीडी हे एक एन्झाइम आहे, शाळेच्या पुस्तकातल्या भाषेत विकर. तांबड्या पेशीला काही रसायनांपासून आणि औषधांपासून इजा होते, ती थोपवायला या एन्झाइमची मदत लागते. ते कमी असेल तर एरवी माणूस ठणठणीत असतो; पण नको ते औषध पोटात गेलं की तांबड्या पेशी फुटतात, कावीळ होते, लघवी काळ्या चहासारखी होते. १९५६ साली अमेरिकेत इलिनॉयच्या एका तुरुंगातल्या कैद्यांवर प्रायमाक्विन या मलेरियाच्या गोळीचे प्रयोग चालले होते, त्यातून हा दोष उघडकीला आला. आज असे प्रयोग कुणी करू देणार नाही. जगात सुमारे ४० कोटी लोकांत ही कमतरता आहे असं मानतात. मलेरिया जिथं पूर्वापार होता तिथं ती जास्त दिसते, कारण असं रक्त मलेरियाच्या जंतूला तितकंसं मानवत नाही. म्हणजे आपल्या पूर्वजांना तिचा थोडाफार उपयोगच झाला असणार.

आता जनुकांचा हिशेब. एन्झाइम बनवण्याची कृती जनुकात लिहिलेली असते. बहुतेक जनुकांच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. प्रती वाढल्या की माल वाढतो, असा साधा नियम. डाऊन सिंड्रोमच्या मुलांत २१ क्रमांकाचं गुणसूत्र दोनऐवजी तीन असतं. त्यावरच्या जनुकातून बनणारं एसओडी नावाचं एन्झाइम त्यांच्या तांबड्या पेशींत सुमारे दीडपट भरतं. तीन भागिले दोन. अगदी किराणा दुकानातला हिशेब.

पण जी-सिक्स-पीडीचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. बाईला एक्स दोन, पुरुषाला एकच. मग बाईच्या रक्तात हे एन्झाइम दुप्पट हवं. प्रत्यक्षात दोघांत सारखंच भरतं! याचं उत्तर १९६१ साली इंग्लंडच्या मेरी लायन यांनी उंदरांच्या रंगावरून सुचवलं. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स झोपी गेलेलं असतं. कुठल्या पेशीत आईकडचं, कुठल्या पेशीत वडिलांकडचं. आपल्या गल्लीतली तिरंगी मांजर बघा. काळे आणि तांबूस ठिपके असलेली अशी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, त्याचं कारण हेच. पुढच्याच वर्षी अर्नेस्ट ब्यूटलर यांनी जी-सिक्स-पीडी घेऊन माणसाच्या रक्तात हीच गोष्ट दाखवली.

म्हणजे माझ्या बहिणीच्या रक्तात दोन तऱ्हेच्या पेशी आहेत, काही भरलेल्या, काही रिकाम्या. आमची तपासणी म्हणजे कागदावर रक्ताचा थेंब, वर रसायन, आणि अतिनील दिव्याखाली तो थेंब चमकतो का हे बघायचं. भरलेल्या पेशींच्या जोरावर तिचा थेंब चमकला आणि रिपोर्ट नॉर्मल आला. रिपोर्ट खोटा नव्हता. "एन्झाइम किती?" एवढंच त्याला विचारलं होतं, त्याचं उत्तर त्यानं दिलं. "जनुकाच्या प्रती कोणत्या?" हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता.

हा दुसरा प्रश्न विचारायची जुनी, सुंदर रीत म्हणजे जेल इलेक्ट्रोफोरेसिस. डिप्लोमाला असताना मी ते पहिल्यांदा पाहिलं. चायना ग्रासच्या वडीसारखा एक थर करायचा, त्यात एका कडेला नमुना भरायचा आणि वीज सोडायची. प्रथिनांवर विजेचा भार असतो, त्याप्रमाणे ती त्या थरातून सरकतात. कुणी पुढं जातं, कुणी मागं राहतं. १९५५ साली कॅनडात टोरांटोला ऑलिव्हर स्मिथीज यांनी हा थर बटाट्याच्या स्टार्चचा केला. लहानपणी आई वडिलांच्या शर्टांना खळ करायची आणि ती थंड झाली की थिजायची, हे त्यांना आठवलं होतं. नंतर दुसऱ्या एका कामासाठी २००७ साली त्यांना नोबेल मिळालं. मला मात्र ही खळच जास्त आवडते.

एन्झाइम डोळ्याला दिसावं म्हणून त्या थरावर त्याचं खाद्य आणि एक रंगद्रव्य ओततात. जिथं जी-सिक्स-पीडी असेल तिथंच ते काम करतं आणि जांभळी रेघ उमटते. रेघ किती गडद यावरून मात्रेचा अंदाज, रेघ कुठं यावरून प्रकार. ज्या बाईकडे दोन निरनिराळ्या चालीचे प्रकार असतील तिच्या रक्ताच्या दोन रेघा दिसू शकतात. १९६५ साली अशा काही बायकांच्या गर्भाशयातल्या गाठी तपासल्या गेल्या. बाकीच्या मांसात दोन्ही रेघा, पण एका गाठीत एकच! म्हणजे ती अख्खी गाठ एकाच पेशीपासून वाढलेली. किती साध्या साधनानं केवढी गोष्ट कळली!

आपल्या महाराष्ट्राचं नावही यात आहे. १९८४ साली एका कोळी कुटुंबात या एन्झाइमचा नवा प्रकार नोंदला गेला, त्याला नाव दिलं 'जी-सिक्स-पीडी कल्याण'. केरळच्या नावानंही एक प्रकार आधी नोंदलेला होता. १९९२ साली जनुकच वाचलं तेव्हा दोन्ही एकच निघाले. ३१७ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन, एवढाच बदल. ऋण भार गेला, धन भार आला, त्यामुळे जेलवर चाल मंदावते. आता त्याला केरळ-कल्याण असं जोडनाव आहे. भारतात जे प्रकार जास्त आढळतात, त्यांत हा एक आहे.

आता पुन्हा घरी. मुलगा आपलं एक्स आईकडूनच घेतो. म्हणजे भाच्याला ते माझ्या बहिणीकडूनच आलं, आत्याबाईंचं तेवढं खरं होतं. पण बहिणीला कुठून आलं? मला एकदम आठवलं. कॉलेजात असताना मला हिवताप झाला होता, गोळ्या चालू होत्या, आणि एके दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली. घरचे म्हणाले उष्णता झाली. धन्या-जिऱ्याचं पाणी पाजलं, गोळ्या बंद केल्या, बरा झालो. मी कुणाला न सांगता माझं रक्त तपासलं. दिव्याखाली सगळे थेंब चमकले, माझा काळाच राहिला.

तो रिपोर्ट घेऊन मी बहिणीच्या सासरी गेलो. म्हटलं, "आत्याबाई, हे बघा. तिच्यात एक प्रत चांगली तरी आहे, माझ्यात तीही नाही. नावं ठेवायची तर मला ठेवा." त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चहा घेणार का काळा नको?" हसू आलं, आणि त्या दिवसापासून तो विषय मिटला. आमची आई आज समोर बसली आहे. तिनं मला विचारलं होतं, "म्हणजे माझ्याकडनं आलं होय रे?" आई, तुला ते तुझ्या आईवडिलांकडून आलं, त्यांना त्यांच्या. यात कुणाची चूक नाही.

एक गोष्ट मात्र या व्यासपीठावरून सांगायला मला धीर करावा लागला. माझ्याकडे एकच प्रत आहे आणि ती दोषी आहे, त्यामुळे माझ्या मुलीकडे ती गेलेलीच आहे. त्यासाठी तपासणीचीही गरज नाही. बारशाला बायका पाळण्यापाशी थट्टेनं म्हणाल्या होत्या, "बायको ठरलीच, मामाची मुलगी." आपल्या भागात ही नुसती थट्टा नसते. भाच्याची प्रत दोषी, माझ्या मुलीची एक दोषी. त्यांचं लग्न झालं तर होणाऱ्या प्रत्येक मुलीच्या दोन्ही प्रती दोषी असण्याची शक्यता निम्मी, आणि प्रत्येक मुलाची एकुलती प्रत दोषी असण्याचीही निम्मी. आम्ही घरात बसून ठरवलं, ही थट्टा पुन्हा करायची नाही. एरवी या कारणानं कुणी सोयरीक मोडू नये. हा जपून राहण्याचा विषय आहे, लपवण्याचा नव्हे. उद्या माझ्या मुलीला बघायला कुणी आलं तर मी हे आधी सांगणार आहे.

जपायचं काय, तेवढं सांगून थांबतो. बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवू नका, तान्ह्या बाळाच्या हातापायांना मेंदी लावू नका. मलेरियात प्रायमाक्विनच्या १४ दिवसांच्या गोळ्या मिळाल्या तर त्या पूर्ण घ्यायच्याच; पण लघवी काळपट झाली, डोळे पिवळे दिसले, ओठ निळसर झाले तर गोळी लगेच थांबवा आणि डॉक्टरांना गाठा. कुष्ठरोगावरचं डॅप्सोन, लघवीच्या जंतुसंसर्गावरचं नायट्रोफ्युरँटोइन घेण्याआधी आपली कमतरता डॉक्टरांना सांगा. आजार ऐन भरात असताना केलेली तपासणी खोटा दिलासा देऊ शकते, कारण नव्या तांबड्या पेशींत एन्झाइम जास्त असतं. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा करा. आणि पावट्याची उसळ सोडू नका! बाधतो तो बाकला. आपला पावटा, वाल, घेवडा ही वेगळी झाडं आहेत.

माझ्या पाकिटात एक चिठ्ठी असते, त्यावर कानडीत आणि मराठीत लिहिलंय, 'जी-सिक्स-पीडी कमी'. भाच्याच्या दप्तरातही तशीच आहे. तुमच्या घरी कुणाची लघवी औषधानंतर कधी काळी झाली असेल, तान्ह्या बाळाला जास्त कावीळ झाली असेल, तर मला शोधू नका, जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन विचारा. आणि सुनेला दोष देण्याआधी तिच्या भावाला चहाला बोलवा.

 गणपती बाप्पा मोरया!