कामगार हंगामी, अपंगत्व कायमचे

(साक्री येथे कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दसरा उलटला की साक्री तालुक्यातील गावे रिकामी होऊ लागतात. पश्चिम पट्ट्यातील भिल्ल व कोकणा कुटुंबे मुकादमाची उचल अंगावर घेऊन दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. तरुण मंडळी धुळे-सुरत रस्त्याने गोदामांत आणि जिनिंग कारखान्यांत चार-सहा महिन्यांच्या कामाला लागतात. भाडणे येथील पांझरा-कान सहकारी साखर कारखाना दीर्घकाळ बंद राहिल्याने गावाजवळचे हंगामी कामही आटले. या स्थलांतराची चर्चा आपल्याकडे मजुरी, उचल आणि मुलांची शाळा या अंगांनी होते, व ती व्हायलाच हवी. परंतु काल शेतात राबणाऱ्या हाती आज जे यंत्र येते, ते चालवायला त्याला कोण शिकवते, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही.

फोर्कलिफ्टचे उदाहरण घ्यावे. कापसाची एक गाठ १७० किलोची. ती उचलायला आणि थप्पीवर चढवायला यंत्र आले, हमालाची पाठ वाचली, हे स्वागतार्हच आहे. पण हे यंत्र म्हणजे छोटा ट्रॅक्टर नव्हे. ट्रॅक्टर पुढच्या चाकांनी वळतो, फोर्कलिफ्ट मागच्या. त्यामुळे वळताना तिचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि शेजारी उभा असलेला माणूस भिंतीशी चिरडला जाऊ शकतो. पुढच्या दोन काट्यांवरचे ओझे मागच्या वजनाने तोललेले असते. ओझे उंच धरून वळण घेतले की तो तोल ढळतो. ओझ्याने समोरचे दिसेनासे झाले तर यंत्र उलटे चालवावे लागते. चढावर मात्र ओझे चढाच्या बाजूलाच ठेवावे लागते. यंत्र कलंडू लागले की उडी मारावी असे कोणालाही वाटते, आणि उडी मारणाराच त्याखाली सापडतो. पट्टा बांधून जागेवर घट्ट बसून राहण्यातच जीव वाचण्याची आशा असते. तात्पर्य, ट्रॅक्टरचा सराव येथे पुरत नाही. किंबहुना तोच कधी कधी घात करतो.

यावर मालकाचे उत्तर ठरलेले असते. चार महिन्यांच्या माणसाला शिकवून उपयोग काय? शिकला की तो पुढच्या हंगामात दुसऱ्याच्या दारी जाईल. हा युक्तिवाद केवळ स्वार्थाचा म्हणून झिडकारता येणार नाही, कारण एकेकट्या मालकाच्या हिशेबात तो खरा आहे. शिक्षणाचा खर्च एकाने करायचा आणि लाभ दुसऱ्याने घ्यायचा, अशी स्थिती असली की खर्च कोणीच करीत नाही. पण खर्च टळतो म्हणजे नाहीसा होत नाही. तो कामगाराच्या तुटलेल्या हातावर, त्याच्या बायकोच्या वाढलेल्या कष्टांवर आणि सरकारी रुग्णालयावर पडतो. मालकाच्या वहीत न उमटणाऱ्या या सामाजिक खर्चाकडे पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्येच लक्ष वेधले होते.

दुसरीही एक गोष्ट आहे. नव्या कामाच्या पहिल्या महिन्यात इजा होण्याचा धोका सर्वांत अधिक असतो, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. कायम कामगाराच्या आयुष्यात असा पहिला महिना एखाद-दोनदाच येतो. हंगामी कामगाराच्या आयुष्यात तो दरवर्षी येतो. नवी जागा, नवे यंत्र, नवा मुकादम. म्हणजे ज्याला शिक्षणाची गरज सर्वांत जास्त, त्यालाच ते सर्वांत कमी मिळते.

खानदेशला ही कथा नवी नाही. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा १०० किंवा त्याहून अधिक माणसांच्या आणि वर्षातून किमान चार महिने चालणाऱ्या कारखान्यांपुरताच होता. हंगामी जिन-प्रेस त्यातून सहज निसटत. १८८४-८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातील जिन-प्रेसमधल्या पहाटेपासून रात्रीपर्यंत चालणाऱ्या कामाच्या साक्षी झाल्या. तरीही चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने कायद्याखाली यायला १९११ साल उजाडावे लागले. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांना आठवड्याचे ५४ तास ठरवले, हंगामी कारखान्यांना ६०. हा भेद १९४८ मध्ये संपला. माणसांची अटही १०० वरून ५०, मग २० आणि अखेर वीज वापरणाऱ्या कारखान्यांसाठी १० अशी उतरत गेली. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये सुरक्षिततेचे शिक्षण मिळण्याचा हक्क कायद्यात लिहिला गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या नव्या संहितेने मात्र १० ची अट पुन्हा २० वर नेली, आणि कंत्राटी कामगारांसाठीची २० ची अट ५० वर. शतकभर उतरत आलेला आकडा उलटा चढू लागला आहे. लहान जिन आणि लहान कंत्राटदार यांच्याकडेच हंगामी माणूस अधिक असतो, हे लक्षात घेतले की या आकड्यांचा अर्थ उलगडतो.

मग मार्ग कोणता? तो महाराष्ट्रानेच एकदा दाखविला आहे. हमालाला एक मालक नसतो, म्हणून त्याला रजा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, असे सांगितले जाई. १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे नेमली, सर्व मालकांकडून मजुरीवर लेव्ही घेतली आणि अनेक मालकांच्या कामगारालाही हे लाभ मिळू लागले. हेच तत्त्व शिक्षणाला का लावू नये? जिन, गोदामे आणि साखर कारखाने यांनी हंगामी मजुरीच्या प्रमाणात निधी द्यावा. त्यातून हंगामापूर्वी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या आवारात वर्ग चालावेत. शिकलेल्याचे प्रमाणपत्र कामगाराच्या खिशात राहावे, कंत्राटदाराच्या कपाटात नव्हे. ते सर्व मालकांकडे चालले की कोणाचाच खर्च वाया जात नाही.

मात्र शिक्षण म्हणजे छापील कागदावर अंगठा नव्हे. ते अहिराणीत, भिलीत, म्हणजे शिकणाऱ्याच्या बोलीत झाले पाहिजे. त्या दिवसांची मजुरी मिळाली पाहिजे. नाहीतर उपाशी माणूस वर्ग सोडून कामावर जाईल. परीक्षा प्रत्यक्ष यंत्रावर व्हावी. अमेरिकेत फोर्कलिफ्ट चालकाची पारख त्याच्या कामाच्या जागी करावी लागते आणि दर तीन वर्षांनी पुन्हा करावी लागते. १८ वर्षांखालील मुलाला ते यंत्र देता येत नाही. आणि न शिकविलेले यंत्र चालवायला नकार देणाऱ्याची उचल वा रोजी कापली जाणार नाही, याची हमी हवी. ही हमी नसेल तर बाकी सारे व्यर्थ आहे, कारण कर्जात अडकलेला माणूस ‘नाही’ म्हणू शकत नाही.

येत्या हंगामापूर्वी कार्यकर्त्यांना पुष्कळ करता येण्याजोगे आहे. गावोगाव कोण, कोठे आणि कोणत्या यंत्रावर जातो याची नोंद करावी. नव्या संहितेप्रमाणे देय असलेले नियुक्तिपत्र मागावे आणि त्यात यंत्राचे नाव लिहून घ्यावे. गेल्या हंगामात ज्यांना इजा झाली, त्यांच्या नुकसानभरपाईचे अर्ज भरावेत. ही नोंद हाती असेल, तरच लेव्हीची मागणी घेऊन धुळ्याच्या कामगार कार्यालयात आणि पुढे विधिमंडळात जाता येईल. मुकादम दसऱ्याच्या कितीतरी आधी गावात येतो. कार्यकर्त्याने त्याच्याही आधी पोहोचले पाहिजे.