भेंड्या आणि नकाशा

गांवांच्या नांवांच्या इंग्रजी भेंड्या मुलांना फार आवडतात. परंतु आशिया, आफ्रिका, अमेरिका, ऑस्ट्रेलिया हीं सारीं नांवें 'ए'नें सुरू होऊन 'ए'वरच संपतात. आणि तासभर खेळूनहि वाक्य एकहि तयार होत नाहीं. मूल खरें अडखळतें तें 'दि' या उपपदाशीं. मराठींत तें नाहींच. त्यापेक्षां एकानें नकाशावरील स्थळ मनांत धरावें, इतरांनीं पूर्ण वाक्यानें विचारावें: 'इज इट निअर दि अरेबियन सी?' नदी, समुद्र, पर्वतांची रांग यांना 'दि' हवें. शहर, सरोवर, एकटें शिखर यांना नको. हिमालयाला आहे, एव्हरेस्टला नाहीं! 'दि पूना' म्हणणाऱ्याची पाळी जावी. मात्र हेगचें नांव निघालें, तर शिक्षकांनीं घाई करूं नये. त्या शहराला 'दि' लागतेंच.