यंत्र जाणणारा मित्र



१९९९ सालीं परभणीपासून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यांत, वसमत तालुक्यांत, कुरुंदा हें गांव आहे. या भागांत हळद आणि ऊंस हीं मोठीं पिकें. हळद काढावयाची, शिजवावयाची, वाळवावयाची आणि बाजारांत न्यावयाची, अशा घाईच्या दिवसांत दारांतली गाडी अडली म्हणजे साऱ्या घराचें काम अडतें. त्या वेळीं अशा गांवांत ज्याची आठवण होते तो नेहमीं धंदेवाईक मिस्त्रीच असतो असें नाहीं. पुष्कळदां तो यंत्राची आवड असलेला एखादा मित्र असतो. त्याच्या हातांत पाना दिसला कीं लोकांचा जीव भांड्यांत पडतो.

त्याची विद्या जादूची नसते. गाडी चालू होत नसेल तर तो प्रथम बॅटरीच्या टोकांवर क्षार चढला आहे काय, तें पाहतो. डिझेलची टाकी रिकामी पडली असेल तर नळींत हवा शिरते; मग नुसतें तेल भरून भागत नाहीं, ती हवा बाहेर काढावी लागते. इंजिन तापलें असतां रेडिएटरचें झांकण उघडूं नये, नाहींतर उकळतें पाणी अंगावर उडतें, हेंहि तोच बजावतो. पाहणें, ऐकणें आणि क्रमानें एकेक शंका दूर करणें, एवढीच ती विद्या.

मोटारीला अशा माणसाची गरज जन्मापासून आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्यें बर्था बेंझ ही बाई पतीला न कळवितां दोन मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइमला सुमारें शंभर किलोमीटर मोटार घेऊन गेली. तुंबलेली तेलाची नळी तिनें टोपीच्या पिनेनें मोकळी केली. परंतु साखळीसाठीं लोहार आणि ब्रेकला चामडें लावण्यासाठीं चांभार तिला शोधावा लागला. त्याच सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें. त्यांतूनच पुढें नांगराचा आणि यंत्रांचा मोठा कारखाना उभा राहिला.

आतां प्रश्न येतो तो मोबदल्याचा. जुन्या गांवगाड्यांत सुतार औत नीट करी, लोहार फाळाला धार लावी, आणि सुगीला खळ्यावर त्यांना बलुतें मिळे. त्या व्यवस्थेंत जातीचें बंधन होतें, अन्यायहि होता. ती परत यावी असें कोणी म्हणणार नाहीं. पण कामाला मोल आहे, एवढें ती मान्य करी. मित्राच्या कामाला मात्र खळेंहि नाहीं आणि सुगीहि नाहीं. त्याचें जेवण निवतें, स्वतःच्या शेताचें पाणी देणें राहतें. आणि वर, ‘काल तूं हात लावलास, म्हणून आज गाडी बंद पडली,’ असेंहि ऐकावें लागतें. मैत्रींत हिशेब नसावा हें खरें. परंतु तो एकाच बाजूनें विसरला जाऊं नये.

याकरितां मागणाऱ्यानें कांहीं पथ्यें पाळावीं. काय बिघडलें तें न लपवितां सांगावें. सुट्या भागांचे पैसे आधीं द्यावे. आणि त्याच्या अडचणीच्या दिवशीं, न बोलावतां, त्याच्या शेतावर जावें. मित्रानेंहि ‘हें मला येत नाहीं’ म्हणावयास लाजूं नये. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या नियमांनंतरच्या गाड्यांत कित्येक दोष संगणक जोडल्यावांचून उमगत नाहींत. ब्रेक आणि स्टिअरिंग यांत तर अंदाजानें हात घालणें म्हणजे जिवाशीं खेळ होय. तेथें जाणत्या कारखान्याची वाट दाखविणें हेंच मित्राचें काम.

आणखी एक गोष्ट त्यानें करावी. बॅटरी धरावयास आलेल्या पोराला नुसतें उजेड दाखवीत उभें न ठेवतां, त्याच्या हातीं पाना द्यावा. एकट्याच्या खांद्यावरचें ओझें चौघांत वांटलें गेलें, म्हणजे मित्राला मित्र म्हणून भेटावयास लोकांना सवड मिळेल.