आगोटीत विजेचीही बेगमी
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. परंतु आगोटीला मसाला, डाळी, सुकी मासळी भरून ठेवणाऱ्या आपण वीज मात्र भरून ठेवीत नाही, एवढे सांगण्यापुरता वेळ मी मागून घेतला आहे.

३ जून २०२० चे निसर्ग वादळ आपल्या रायगडात कोणी विसरलेले नाही. पुढे कित्येक गावांत पुष्कळ दिवस वीज नव्हती. माझ्या सासूबाईंना दमा. नेब्युलायझरने दिवसातून तीनदा औषध द्यावे लागे. घरात वीस हजारांचा आकडा छापलेली पॉवर बँक होती; तिच्यावर काम भागेल असे मी धरून चालले होते. ती मोबाइलपुरतीच निघाली! पडलेली झाडे ओलांडीत आम्ही सासूबाईंना दवाखान्यात नेले. तिथे जनरेटर होता म्हणून निभावले.

चूक माझ्या हिशेबाची होती. ते वीस हजार म्हणजे मिलिअँपिअर-तास. ३.७ व्होल्टने गुणले की होतात अवघे ७४ वॉट-तास. म्हणून पेटी घेताना दोनच आकडे विचारावे. वॉट म्हणजे नळाची धार आणि वॉट-तास म्हणजे हंड्यातले पाणी. उपकरणाचे वॉट गुणिले तास, की लागणारी वीज कळते.

आमच्या घरचा एका दिवसाचा हिशेब ऐका. ९ वॉटचे दोन दिवे ५ तास, ९० वॉट-तास. दोन मोबाइल, ३०. नेब्युलायझर १२० वॉटचा, पाव तास तीनदा, ९०. बीएलडीसी जातीचा ३० वॉटचा उभा पंखा ८ तास, २४०. बेरीज ४५०. साधा ५५ वॉटचा पंखा असता तर त्याचेच ४४० झाले असते. वाटेत थोडी वीज वाया जाते, म्हणून पावपट वाढवावे. म्हणजे ६०० वॉट-तासांची पेटी एक दिवस पुरेल. पंखा बंद ठेवला तर तीच दोन दिवस पुरते. धार मात्र सर्वांत मोठ्या उपकरणाला पुरेल अशी हवी. ३०० वॉटच्या पेटीवर ५०० वॉटचा मिक्सर चालायचा नाही.

आता सौर पॅनेल. १०० वॉटचे पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण ३०० ते ३५० वॉट-तास देते. तेव्हा आमच्या पेटीला २०० वॉटचे लागेल. पण वादळ येते पावसाळ्याच्या तोंडावर! आभाळ भरले की पाव हिस्सा मिळाला तरी पुष्कळ. म्हणून वादळाची सूचना येताच पेटी घरच्या विजेवर गच्च भरून ठेवावी. तहान लागल्यावर विहीर खणू नये.

ज्यांच्याकडे इन्व्हर्टरची शिसे-आम्लाची बॅटरी आहे, त्यांनी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास म्हणजे १८०० वॉट-तास असे गुणावे. पण वापरावे निम्मेच, नाहीतर ती लवकर खराब होते. आणि एक कळकळीची विनंती. पेटीची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये उलटी जोडून घरभर वीज खेळवू नका. ती वीज बाहेरच्या तारांत गेली तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल.

शेवटी एक सूचना. आपल्या आळीत कोणाकडे नेब्युलायझर आहे, कोणाचे इन्सुलिन फ्रिजमध्ये आहे, याची यादी मंडळाने मे महिन्यातच करावी. ज्या घरी पेटी असेल तिने शेजारणीला पाव तास द्यावा. पाव तासाला ३० वॉट-तास लागतात, म्हणजे एका दिव्याची तीन-साडेतीन तासांची वीज. तेवढ्यात एखाद्या म्हातारीचा श्वास मोकळा होतो.