आपल्या टाकीचा जलसुरक्षक कोण?

(अंबरनाथ पूर्वेला सोसायट्या आणि चाळींमधल्या रहिवाशांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



सुरुवातीलाच सांगतो, मी पाण्याचा इंजिनिअर नाही. माझी पदवी इंजिनिअरिंगची आहे, पण पोट सॉफ्टवेअरवर चालतं. आमच्या कामात एक सवय अंगात मुरते. काही बिघडलं की ‘असं असेल, तसं असेल’ यावर वाद घालायचा नाही. सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकेका टप्प्यावर मोजायचं. जिथे आकडा बदलतो, तिथे दुखणं असतं. आज पाण्याबद्दल मी एवढंच बोलणार आहे.

आपलं पाणी येतं कुठून? बदलापूरला उल्हास नदीवरच्या बॅरेजमधून महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाणी उचलतं. अंबरनाथला त्यातलं काही येतं, काही चिखलोली धरणाचं येतं. उल्हासनगर महापालिकेचं स्वतःचं धरण नाही. तिथे एमआयडीसीचं पाणी येतं, त्यामागे बारवी धरण आहे. हे पाणी जलशुद्धीकरण केंद्रात गाळलं जातं, त्यात क्लोरीन मिसळला जातो आणि मग ते पाइपलाइनमधून आपल्याकडे निघतं. पाणी कमी आलं, गढूळ आलं, तर आपण प्राधिकरणाच्या किंवा पालिकेच्या कार्यालयावर जातो. जायलाच हवं.

पण मीटरच्या पुढे काय? मीटरपुढे खालची टाकी, पंप, वरची टाकी आणि तिथून घरोघर उतरणारे पाइप. साठ-सत्तर घरांची इमारत म्हणजे अडीचशे-तीनशे माणसं. ही एक छोटी पाणीपुरवठा योजनाच आहे आणि ती चालवतो आपण. आता गंमत बघा. महाराष्ट्रात एखाद्या लहानशा गावातही ग्रामपंचायतीनं पाण्यासाठी एक माणूस नेमलेला असतो. त्याला जलसुरक्षक म्हणतात. टीसीएल पावडर टाकणं, क्लोरीन तपासणं, नमुने पाठवणं हे त्याचं काम. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर गावातल्या पाण्याच्या जागांची पाहणी होते आणि धोक्याप्रमाणे ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. गावाला लाल कार्ड मिळालं की गावात चर्चा होते. आपल्या सात मजली इमारतीला कार्ड नाही आणि जलसुरक्षकही नाही. वॉचमन सकाळी पंप चालू करतो, टाकी भरून वाहायला लागली की बंद करतो. आपली व्यवस्था एवढीच.

पाणी केंद्रातून चांगलं निघालं तरी वाटेत का बिघडतं, हे समजून घेऊ. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. वॉलमन चावी सोडतो तेव्हा पाइपात दाब असतो. चावी बंद झाली की पाइप अर्धवट रिकामा होतो आणि दाब जातो. दाब असताना गळक्या जोडातून पाणी बाहेर येतं. दाब गेला की त्याच जोडातून बाहेरचं पाणी आत शिरतं. आपल्याकडे पाइप आणि गटार बरेचदा शेजारी-शेजारी चालतात, म्हणजे आत काय शिरतं ते वेगळं सांगायला नको. त्यात कुणी लाइनला थेट मोटर लावली, तर ती मोटर नळाचं पाणी ओढतेच, शिवाय गळतीतून घाणही ओढते. शेजाऱ्याचं पाणी पळवलं म्हणून आपण भांडतो. त्या मोटरनं गल्लीचं पाणी नासतं, हेही भांडणात आलं पाहिजे.

इथेच क्लोरीनचं महत्त्व कळतं. केंद्रात टाकलेला क्लोरीन तिथले जंतू मारतोच, पण थोडा पाण्यात शिल्लकही राहतो. तो पहारेकरी. वाटेत घाण शिरली तर तिच्याशी लढताना तो खर्च होतो. म्हणून भारतीय मानक १०५०० सांगतं की पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर शिल्लक क्लोरीन असावा. विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तर ०.५. नळाला शून्य आलं तर पाणी विषारी आहे असा अर्थ नाही. पहारेकरी जागेवर नाही, एवढाच अर्थ आहे. तो वाटेत कुणाशी लढून संपला, हे शोधणं आपलं काम.

आमच्या इमारतीत दोन पावसाळ्यांपूर्वी तीन घरांत कावीळ झाली. त्यातली एक ताई सात महिन्यांची गरोदर होती. दूषित पाण्यातून पसरणारी ई प्रकारची कावीळ इतरांना सहसा आठवडे झोपवून सोडून देते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती जिवावर बेतू शकते. ताई वाचली, बाळही वाचलं. सोसायटीच्या सभेत मात्र तासभर एकच चर्चा चालली. कुणी म्हणालं, बाहेरचं खाल्लं असेल. कुणी म्हणालं, पाणी तर काचेसारखं दिसतंय. ज्यांना परवडलं त्यांनी त्याच महिन्यात आरओ बसवला.

आम्ही तिघा-चौघांनी क्लोरोस्कोप आणला. नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे आणि आलेला पिवळा रंग पट्टीशी जुळवायचा. रंग लगेच वाचायचा, वेळ गेला तर आकडा फसवतो. ओटी विषारी असतं, म्हणून ते पाणी ओतून टाकायचं, हात धुवायचे आणि बाटली मुलांपासून लांब ठेवायची. एकाच सकाळी आम्ही चार ठिकाणी मोजलं. रस्त्याच्या लाइनवर ०.५. खालच्या टाकीत ०.५. वरच्या टाकीत जेमतेम ०.१. सहाव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात शून्य. सगळी चर्चा तिथेच मिटली. पालिकेचा दोष नव्हता, खालच्या टाकीचाही नव्हता. वर जाऊन पाहिलं तर एका झाकणाला तडा गेलेला, ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी नाही, तळाशी चार बोटं गाळ आणि कबुतरांची पिसं. सभेतल्या तासाभरात जे सापडलं नाही ते वीस मिनिटांत सापडलं. टाकी धुतली, झाकण बदललं, जाळी बसवली. आठवड्यानं सहाव्या मजल्यावर ०.२ आला.

आता आरओबद्दल. आरओ विरघळलेले क्षार काढतो. नदीच्या पाण्यात क्षार मुळातच कमी असतात. क्षारांचं प्रमाण, म्हणजे टीडीएस, ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी आणा, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये सरकारला दिले, कारण त्यात बरंच पाणी वाया जातं. शिवाय आरओमधला कार्बन क्लोरीन काढून टाकतो, म्हणजे त्याच्या पोटातल्या टाकीत साठलेलं पाणी पहारेकऱ्याविना असतं. यंत्राची देखभाल चुकली तर तेच घर धोक्यात. पण माझा मोठा आक्षेप वेगळा आहे. आरओ घेतला की माणूस सोसायटीच्या पाण्याच्या प्रश्नातून बाहेर पडतो. मग ते पाणी पितं कोण? वॉचमनचं कुटुंब, धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी, ज्याला सभेत मत नाही असा भाडेकरू. टाकी एकच आणि आजारी पडणारे वेगळे, हे काही बरोबर नाही.

मोजणं महत्त्वाचं, पण खरं लिहिणं त्याहून महत्त्वाचं. कॅनडात वॉकर्टन नावाचं सुमारे पाच हजार वस्तीचं गाव आहे. मे २००० मध्ये मोठा पाऊस झाला आणि गुरांच्या शेणातले जंतू गावाच्या एका विहिरीत उतरले. दोन हजार तीनशेहून जास्त लोक आजारी पडले, सात जण दगावले. नंतर चौकशीत काय निघालं? पाणी सांभाळणारी माणसं रोजच्या नोंदवहीत क्लोरीनचा आकडा न मोजताच भरत होती. बहुतेक दिवशी ०.५ किंवा ०.७५. वही सुंदर होती, पाण्यात क्लोरीन पुरेसा नव्हता. श्रीमंत देश, शिकलेली माणसं, तरीही हे घडलं. आणि आपल्याजवळचं बघायचं तर जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे रुग्ण वाढू लागले आणि राज्यात आकडा दोनशेच्या पुढे गेला. तेव्हा विहीर, टँकर, खासगी आरओ केंद्रं, सगळ्यांचं पाणी तपासायची धावपळ सुरू झाली. तपासणी आजारानंतर सुरू झाली की ती नेहमी धावतच करावी लागते.

आपल्या भागाला पावसाळ्याचा वेगळा धोका आहे. जुलै २०१९ चा पूर सगळ्यांना आठवत असेल. बदलापूर-वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती. उल्हास चढली की बदलापूरच्या, वालधुनी चढली की अंबरनाथ-उल्हासनगरच्या सखल इमारतींत पाणी शिरतं, आणि ते पहिल्यांदा खालच्या टाकीत उतरतं. पुराचं पाणी टाकीत गेलं असेल तर वरून पावडर टाकून भागत नाही. टाकी पूर्ण उपसायची, घासायची, ब्लीचिंगच्या पाण्यानं धुवायची, ते पाणी सोडून द्यायचं आणि मग भरायची. तोवर पिण्याचं पाणी खळखळून उकळायचं.

एक हिशेब लिहून घ्या. ताज्या टीसीएल पावडरमध्ये साधारण तेहतीस टक्के क्लोरीन असतो. दहा हजार लिटरच्या टाकीत प्रति लिटर १ मिलिग्रॅम मात्रा द्यायची तर ३० ग्रॅम पावडर लागते. पावडर जुनी झाली, दमट झाली की जोर कमी होतो. ती सरळ टाकीत फेकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं. अर्धा तास थांबायचं आणि मोजायचं. लाइनच्या पाण्यात आधीच क्लोरीन असेल तर एवढी मात्रा लागणारही नाही. म्हणून आधी मोजायचं, मग टाकायचं, मग पुन्हा मोजायचं. अंदाजानं चमचा टाकायचा नाही.

आणि क्लोरीनकडून नको ती अपेक्षा ठेवू नका. तो जंतू मारतो, रसायनं काढत नाही. उकळल्यानंही रसायनं जात नाहीत. आपण कारखान्यांच्या शेजारी राहतो. म्हणून बोअरवेलचं पाणी पिण्याच्या टाकीत मिसळू नका, ते संडास आणि धुण्यासाठी वेगळ्या पाइपानं घ्या. टँकर आला तर तो कुठे भरला हे विचारा आणि टाकीत सोडण्याआधी क्लोरीन मोजा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, प्रयोगशाळेतून तपासणी करा. १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय अजिबात नसावा, हे मानक आहे.

आपल्या मोहल्ल्यात उन्हाळ्यात पाणपोई लागते, मोहरममध्ये सबील लागते. मशिदीत, मदरशात, शाळेत कूलर असतो. तहानलेल्याला पाणी देणं पुण्याचं, सवाबचं काम आहे, यात कुणाचं दुमत नाही. मग त्या कूलरच्या टाकीचं झाकण उघडून बघणं हेही त्याच कामाचा भाग आहे. कूलरवर देणगीदाराचं नाव असतं. त्याखाली टाकी शेवटची कधी धुतली ती तारीखही असू दे.

महाराष्ट्राला पाण्याची लढाई नवी नाही. १८६८ मध्ये जोतिराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद सर्वांना खुला केला. १९२७ मध्ये बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी घेतलं. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रदूषणमुक्त पाणी हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं म्हटलं की घर अनधिकृत आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. आपल्या तिन्ही शहरांत इमारतींच्या कागदपत्रांचे प्रश्न कमी नाहीत, म्हणून हा निकाल लक्षात ठेवा. पण हक्क मागायला उभं राहताना हातात आकडे असले की बोलणं वेगळं होतं. ‘साहेब, पाणी खराब येतं’ याला आश्वासन मिळतं. ‘गेले दहा दिवस मीटरपाशी शून्य क्लोरीन आहे, ही वही बघा’ याला उत्तर द्यावं लागतं.

तर या आठवड्यात तीन कामं करू. एक, दोन्ही टाक्यांची झाकणं, जाळ्या आणि आतला गाळ डोळ्यांनी बघा. दोन, क्लोरोस्कोप आणा आणि मीटर, खालची टाकी, वरची टाकी, शेवटच्या मजल्याचा नळ अशी चार ठिकाणं ठरवा. तीन, जलसुरक्षक नेमा. तो सेक्रेटरीच असायला हवा असं नाही. आमच्याकडे हे काम तळमजल्यावरच्या एक काकू करतात, घरात पाणी भरायचं काम आयुष्यभर त्यांनीच केलेलं. त्या भाडेकरू आहेत, सभेत त्यांना मत नाही, पण वही त्यांच्या हातात आहे आणि ती लिफ्टशेजारी टांगलेली असते. कुणीही वाचावी.

त्या वहीला नियम एकच आहे. ज्या दिवशी मोजलं नाही, त्या दिवशी रकाना कोरा ठेवायचा. कोरा रकाना दिसला की कुणीतरी विचारतं, ‘काकू, काल राहिलं का?’ आणि त्या दिवशी मोजलं जातं.