कुलसंमेलनाचा मांडव आणि लग्नाचा मांडव



कामगार चळवळीतल्या माणसाने लग्नाच्या शिष्टाचारावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पण आमचे आयुष्य वर्गणी, ठराव आणि हिशेब यांत गेले आहे. आणि भाऊबंदकीतले पुष्कळ रुसवे याच तीन ठिकाणी उगम पावतात, असे आम्हांस आढळले आहे.

वैशाखात घराणी एकत्र जमतात. कोणी कुलदेवतेच्या उत्सवाला, कोणी कुलसंमेलनाला. गणपतीतही माणसे जमतात, पण तो चातुर्मास. तुळशीचे लग्न लागेपर्यंत आपल्याकडे माणसांची लग्ने लावीत नाहीत. सारा भार उन्हाळ्याच्या सुटीवर येतो. मग कोणी म्हणतो, ‘अनायासे सगळे आलेच आहेत, तर आमच्या मुलाचे लग्न इथेच उरकू.’

यात गैर काही नाही. नोकरदाराची रजा मोजकी असते. १९४८ च्या कारखाना कायद्याने भरपगारी रजेचा हक्क दिला होता तोही वर्षात २४० दिवस भरणाऱ्याला, २० दिवसांमागे एक दिवस या मापाने; म्हणजे अवघे १२ दिवस. एका खेपेत दोन कार्ये झाली तर एक प्रवासखर्च वाचतो. आमचा आक्षेप आहे तो ‘अनायासे’ या शब्दाला. एकाचे अनायासे होते, तेव्हा दुसऱ्या कोणाला तरी आयास पडतातच.

म्हणून पहिली गोष्ट संमतीची. संमेलनाची तारीख सर्वांची असते. एका घराने ती परस्पर उचलू नये. पत्रिका छापायच्या आधी विचारावे, छापून झाल्यावर नव्हे. ज्या घरी वर्षाच्या आत कोणी गेले असेल, त्या घराला सर्वांआधी विचारावे.

दुसरी गोष्ट पैशाची. संमेलनाच्या वर्गणीतला एक पैसाही लग्नाकडे वळू नये. वह्या दोन ठेवाव्यात. याहून नाजूक प्रश्न मुलीच्या बापाचा. बोलणीच्या वेळी वऱ्हाड ५० माणसांचे ठरते आणि पंगतीला संमेलनाची ३०० पाने बसतात. ही वरची अडीचशे पाने कोणाच्या माथी? हुंडा १९६१ च्या कायद्याने गुन्हा ठरला. पण हुंडा रोकडाच मागावा लागतो असे नाही, तो पंगतीतूनही वसूल होतो. तेव्हा भाऊबंदांचे जेवण मुलाकडच्यांनी सोसावे, आणि हे बोलणीतच स्पष्ट सांगावे. मुलीचा बाप भिडेपोटी ‘असू द्या’ म्हणेल. ते ऐकून घेऊ नये.

तिसरी गोष्ट श्रमाची. माहेरवाशीण चार दिवस विसाव्याला येते आणि पुऱ्या लाटायला बसते. सुनांची तर गोष्टच सोडा. संमेलनात घराण्याचा इतिहास सांगितला जात असताना निम्मे घराणे चुलीपाशी असते! आचारी लावावा, ऐपत नसेल तर पक्वान्न एक कमी करावे, आणि वाढप पुरुषांनी करावे.

चौथी मानपानाची. संमेलनात वर्गणीदार सारे सारखे. लग्नात मात्र मानाच्या पायऱ्या उभ्या राहतात. आहेर ध्वनिक्षेपकावरून पुकारू नयेत. जो केवळ भेटीसाठी आला आहे, त्याची मान सर्वांदेखत खाली जाते. घरातल्या विधवा काकीला ओवाळण्याच्या वेळी मागे सारू नये. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. जे गावाला जमले ते एका कुळाला का जमू नये? आणि तीनशे अनोळखी चेहऱ्यांत बावरून बसलेल्या मुलीकडच्या मंडळींची ओळख वडीलधाऱ्यांनी आपण होऊन करून घ्यावी. आल्या दिवशी परकेपणा वाटला, तर तो नव्या सुनेच्या मनातून लवकर जात नाही.

कोणी म्हणेल, घरात कसले नियम? प्रेम असले म्हणजे झाले. आमचा अनुभव असा की, जिथे नियम बोलून ठरत नाहीत तिथे जो दुबळा असतो तो गप्प राहून किंमत भरतो. कारखान्यात कामगार, आणि मांडवात मुलीचा बाप व घरची बाई. प्रेमाला हिशेबाची भीती वाटण्याचे कारण नाही. हिशेब चोख असला म्हणजे पुढल्या वैशाखात माणसे पुन्हा आनंदाने येतात.